अकरा जणांची सावड

आमच्या क्लबला खेळाडूंना पैसे देता येत नव्हते, म्हणून आम्ही एकमेकांचे कांदे काढायचो. कंपनीतल्या एका साहेबांना मी हे एकदा सांगितलं, तर त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. थट्टा नव्हती. दौंडच्या आमच्या फुटबॉल क्लबचं सगळं अर्थकारण एवढ्यातच आलं.

सावड म्हणजे काय हे आमच्या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. आज तुम्ही माझ्या रानात राबायचं, उद्या मी तुमच्या. मजुरी द्यायची नाही, घ्यायची नाही. जेवण मात्र ज्याचं रान त्याच्याकडं. आता मजूर परगावाहून गाडीत बसवून आणावे लागतात आणि कामं यंत्रं करतात, त्यामुळे सावड बऱ्याच गावांतून उठून गेली. ती फुटबॉलच्या मैदानावर येऊन बसली, ही करणी आमच्या मामांची.

मामा म्हणजे आमचे कोच. रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले, दौंडमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुसलमान घरातले. आमचा सगळा तालुका कुस्ती आणि क्रिकेटचा. पण दौंडला रेल्वेच्या वसाहतीमुळे फुटबॉलही जुनाच. मामांचे वडील तो अनवाणी खेळले, मामा खेळले, आणि गुडघे गेल्यावर मामांनी दुसऱ्यांना खेळवायला सुरुवात केली. त्यांच्या घरी पलंगाखाली जाळीच्या पिशवीत चार चेंडू असत. कुणी विचारलं, क्लबचं ऑफिस कुठंय, तर मामी त्या पलंगाकडं बोट दाखवायच्या.

खेळाडू पैशासाठी क्लब सोडतात असं सगळे म्हणतात. आमच्याकडचे खेळाडू कामासाठी सोडायचे. सामना रविवारी, आणि रविवारीच कुणाच्या रानात पाणी सोडायची पाळी, कुणाचा बाजार, कुणाचा ओव्हरटाइम. बाप म्हणणार, खेळून पोट भरतंय का, आणि बापाचं चूक नसायचंच. एकदा आम्ही सातच जण उरलो होतो. तेव्हा मामा म्हणाले, "पोरांना पैसं द्याया आपल्याकडं न्हाईत. मग पैसं द्यायचंच न्हाईत. त्यांचा रविवार मोकळा करायचा." हे वाक्य मला त्या वेळी फारसं समजलं नाही. आज वाटतं, याहून शहाणं वाक्य मी कुठल्याही मॅनेजरच्या तोंडून ऐकलेलं नाही.

मग तो रविवार मोकळा करायचं काम आठवडाभर चालायचं. शनिवारी सगळा संघ ज्याचं काम अडलंय त्याच्याकडं. माझ्या गावी, भांडगावला, आमच्या गोठ्याचे पत्रे याच संघानं चढवले, त्यात मधल्या फळीतला एक जण पत्र्यावरून थेट शेणाच्या ढिगात उतरला. आमच्या डाव्या बॅकचं चपलांचं दुकान. बाजाराच्या दिवशी सामना आला, की दुखापत झालेला जो कुणी असेल त्यानं दुकानात बसायचं. माझं बोट सुजलं होतं तेव्हा मी बसलो. एका गिऱ्हाइकाला मी एक चप्पल सात नंबरची आणि एक आठची बांधून दिली. पुढच्या बाजारी येऊन त्यानं भर दुकानात माझा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. पण त्या रविवारी डाव्या बॅकनं दोन गोल वाचवले होते, त्यामुळे त्यानं मला माफ केलं.

मी गोलकीपर. शिक्रापूरच्या एका कंपनीत कामाला होतो, तिथंच चौघांत मिळून खोली. खोलीच्या बाहेर रात्रंदिवस ट्रकांची रांग. रविवारी भल्या पहाटे मोटारसायकलवर तळेगाव, न्हावरा, चौफुला करत दौंड गाठायचो. खोलीतले सोबती म्हणायचे, अरे, शिरूरचा क्लब इथं शेजारी, पैसे पण देतो, आणि तू तिकडं फुकट गोल खायला कशाला जातोस? मी त्यांना म्हणायचो, फुकट नाही, आमच्या गोठ्यावर पत्रे आहेत. त्यांना काही कळायचं नाही आणि मला समजावून सांगायचा कंटाळा.

शिरूरचा तो क्लब म्हणजे आप्पांचा. आप्पांची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली, मग कामगार पुरवायची कंत्राटं, मग टेम्पो, मग भाड्याच्या खोल्यांच्या चाळी. हौसेला मोल नाही म्हणतात, पण आप्पांनी मोजलं होतं. त्यांच्या संघात पुण्याची पोरं होती, एक केरळचा, एक मणिपूरचा. एसी बस होती. मध्यंतरात केळी आणि गार पाणी द्यायला वेगळा माणूस. आम्ही पुण्याला सामन्याला जायचो ते मार्केटला भाजी नेणाऱ्या टेम्पोतून, कोथिंबिरीच्या जुड्यांच्या मधे अंग चोरून. आमच्या टीशर्टवर पुढं क्लबचं नाव आणि मागं मंडपवाल्याची जाहिरात, कारण कपडे त्यानंच शिवून दिले होते. माझ्या पाठीवर एक आकडा होता आणि त्याखाली 'लग्न, मुंज, वाढदिवस'. विरुद्ध संघाचे फॉरवर्ड ते वाचून हसायचे आणि हसता हसता चेंडू बाहेर मारायचे. मंडपवाल्यानं आमच्यावर तेवढे उपकार केलेच.

आमच्याकडं एकच गोष्ट अशी होती, जी आप्पांकडं नव्हती. आमचा सेंटर फॉरवर्ड. खुटबावचा शेतकऱ्याचा मुलगा. शेतकरी पाटाचं पाणी पायानं माती सारून वाफ्यात वळवतो ना, तसा तो चेंडू वळवायचा. जोर दिसायचाच नाही. बोलायला अगदीच कमी. गोल केल्यावर आम्ही अंगावर पडायचो, तर तो ओशाळून म्हणायचा, "जाऊ द्या, अजून येळ हाय."

त्या वर्षी शिरूरच्या संघाशी आमचा साखळी सामना आला आणि त्याच आठवड्यात त्याच्या घरचा उन्हाळी कांदा काढायला आला. मजूर मिळेनात. आभाळ भरून यायला लागलं होतं. शनिवारी आमचा सगळा संघ खुटबावला. काही जण कांदा उपटत होते, काही पात कापत होते. मीही विळा घेऊन बसलो आणि हिरिरीनं दिवसभर पात कापली. अख्ख्या जगात सामन्याच्या आदल्या दिवशी स्वतःच्या गोलकीपरच्या हातात विळा देणारा दुसरा संघ असेल असं मला वाटत नाही. संध्याकाळी माझ्या दोन्ही तळव्यांना फोड. मामांनी हात पाहिले आणि डोक्याला हात लावला. "आरं, तुला पाणी द्याया ठिवायचं सोडून विळा कुणी दिला?" विळा त्यांनीच दिला होता. हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

दुसऱ्या दिवशी एक साधा चेंडू माझ्या हातातून निसटला. शेंबडं पोरही अडवेल असा. मला रडूच यायचं बाकी होतं. पण शेवटी शेवटी आमच्या फॉरवर्डनं शिरूरच्या पगारी बचावातून चेंडू असा काढला की बरोबरी झाली. एसी बसच्या संघाशी आम्ही, अंगाला कांद्याचा वास येणाऱ्यांनी, बरोबरी केली. मला अजून त्या संघाचा अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

अडचण अशी की आप्पांनीही तो गोल पाहिला होता.

पुढच्या रविवारी त्यांची पांढरी गाडी आमच्या मैदानाच्या कडेला येऊन उभी राहिली. कशासाठी आली हे सगळ्यांना कळलं. आप्पांनी शेजारच्या तालुक्यातला एक क्लब असाच संपवला होता. आधी एक पोरगा नेला, मग त्याच्या ओळखीनं चार, आणि उरलेली पोरं क्रिकेट खेळायला लागली. दुष्टपणानं नव्हे, त्यांना चांगला खेळाडू दिसला की ते हात पुढं करायचे, एवढंच. आमचा डावा बॅकही त्यांनी हेरलेला होता, हे आमच्या कानावर आलेलं होतं. म्हणजे प्रश्न एका फॉरवर्डचा नव्हता. मामांचा क्लब राहतो की पलंगाखालीच संपतो, असा होता.

आप्पा माणूस म्हणून तसे नम्र. गाडीतून उतरून मामांच्या पाया पडल्यासारखं केलं. म्हणाले, "मामा, पोरगं लई गुणाचं हाय. माझ्याकडं द्या. त्याचं बी कल्याण हुईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काही बोलणार तेवढ्यात मामांनी हातानंच गप्प केलं आणि फॉरवर्डला विचारलं, "तुला जायचंय का?"

तो खाली बघत होता. मग त्यानं मान वर केली. "व्हय मामा. तितं चांगलं मैदान हाय, शिकवणारी माणसं हायती. आन् पैसं बी हायती. खोटं कशाला बोलू?"

मला त्याचा राग यायला हवा होता, पण खरं बोलणाऱ्यावर रागावणं कठीण असतं. मामा म्हणाले, "मग जा. चांगला खेळ."

आप्पांना एवढ्या लवकर सौदा होईल असं वाटलं नव्हतं. त्यांनी खिशाकडं हात नेला. "क्लबला काय द्यायचं ते मोकळेपणानं बोला, मामा." आम्ही सगळे मनातल्या मनात मागायला लागलो. गोलाला जाळी, नवे चेंडू, बूट. मी तर बसपर्यंत पोचलो होतो.

मामा म्हणाले, "पैसं नकोत आप्पा. एक दिस सावडीला या. तुमचा सगळा संघ. आन् तुमी बी."

आमचं मैदान म्हणजे गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर उभे करायची जागा. हंगाम संपला की मैदानावर गुडघ्याएवढ्या चाकोऱ्या उरायच्या आणि आम्ही त्यातच खेळायचो. ते सपाट करायचं काम मामांनी मागितलं. आप्पा हसले. "एवढंच? जेसीबी धाडतो की. अर्ध्या दिसात काम."

"जेसीबी नको. जेसीबीला जेवाय घालता येत न्हाई."

आप्पांना गंमत वाटली. त्यांनी कबूल केलं. गाडी गेल्यावर मी मामांना तोंडावर बोललो, "मामा, सोन्यासारखा गडी दिला आन् बदल्यात खड्डं बुजवून घेतलं. ह्यो कसला येव्हार?" मामा म्हणाले, "तू गोल राख." मी तीन दिवस त्यांच्याशी फोनवर धड बोललो नाही.

सावडीच्या दिवशी ती एसी बस आमच्या धुळीच्या मैदानावर आली. पुण्याच्या पोरांनी आधी फावड्यासकट फोटो काढून घेतले. मणिपूरचा मात्र उतरला तो थेट कामाला लागला. त्याच्या गावाकडं भाताची शेती होती म्हणे. मामांना तो सारखा सांगायचा, "मामाजी, इधर और मिट्टी लगेगा," आणि मामा त्याला मराठीत उत्तर द्यायचे, आणि दोघांचंही काही अडत नव्हतं. आमचा फॉरवर्ड कधी त्यांच्या बाजूनं घमेलं उचलायचा, कधी आमच्या. तो आता नेमका कुठल्या संघाकडून सावडीला आलाय, यावरून मी त्याला बरंच पिडलं.

आप्पा सुरुवातीला खुर्ची टाकून बसले होते. उन्हं चढायला लागली तशी त्यांची चुळबुळ सुरू झाली. पोरं माती नुसती ढकलत होती, ढाळ कुठं काढायचा त्यांना समजत नव्हतं. शेवटी आप्पा उठले, घड्याळ काढून ड्रायव्हरकडं दिलं आणि माझ्या हातातलं फावडं घेतलं. "असं न्हाई ओ. पाणी कडंला निघाया पायजे. न्हाईतर पावसाळ्यात तळं हुईल तुमचं." आणि ते ओढायला लागले. फावडं धरायची त्यांची पद्धत बघून आमचे सगळे शेतकरी खेळाडू एकमेकांकडं बघायला लागले. हा हात शेतात वाढलेला होता. ढेरी सुटलेली, दम लागत होता, पण फावड्याचं पातं जमिनीला जिथं टेकायला हवं तिथंच टेकत होतं. दुपारपर्यंत ते आणि मामा मिळून सगळ्यांना कामं सांगत होते, आणि कोण कुणाचा खेळाडू हे कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

दुपारी मामींचा मटणाचा पुलाव होता. आमच्या माळकरी हाफसाठी शेजारच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. केरळच्या पोरानं पुलाव खाऊन वर पिठलंही मागितलं. आप्पा धोतर नेसणाऱ्या जुन्या माणसासारखे मातीतच मांडी घालून बसले आणि दोनदा वाढून घेतलं. त्यांच्या संघाच्या जेवणात तेल किती असावं हे ठरवणारा एक माणूस होता. तो बिचारा बसच्या सावलीला बसून सगळं बघत होता.

संध्याकाळी मैदान तयार झालं. मी त्यावर पहिल्यांदा सरळ उभा राहिलो, एक पाय चाकोरीत न ठेवता. आप्पांनी टँकरच्या नळाखाली हात धुतले, रुमालानं तोंड पुसलं आणि समाधानानं म्हणाले, "चला मामा. फिटलं."

मामा म्हणाले, "फिटलं कसं? तुमी येऊन राबलात. आता आमच्यावर झाली तुमची सावड. आमी अकरा जण येतो. कवा येऊ सांगा. कांदा असू द्या, ऊस असू द्या, काय बी असू द्या."

आप्पा हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मामा हसत नाहीयेत. ते विचार करायला लागले. मला वाटलं, एवढा मोठा माणूस, काहीतरी सांगेलच. खोल्यांना रंग द्यायचाय, बागेत खड्डे घ्यायचेत. पण त्यांच्या खोल्यांना कंत्राटदार होता, बागेला माळी होता, टेम्पो धुवायला माणसं होती. आप्पांनी रुमालाची घडी करून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "मामा, सावड फेडून घ्याया रान लागतं. माझं रानच न्हाई राहिलं ओ. समदं कंपनीत गेलं."

त्या क्षणापर्यंत मला तो माणूस आवडत नव्हता. त्यानंतर मला त्याचा राग करता येईना, आणि हे मला मुळीच रुचलं नाही.

मामा म्हणाले, "मग ऱ्हाऊ द्या आमच्यावर. घाई न्हाई."

बस सुरू झाली होती. आप्पांची नजर आमच्या डाव्या बॅककडं गेली, तो घमेली गोळा करत होता. मग ते मामांकडं बघून म्हणाले, "मामा, आज ह्या पोराला बी विचारणार हुतो मी. आता न्हाई विचारत. सावडीतल्या माणसाचा गडी फोडत न्हाईत, येवढं माझ्या बापानं शिकवलंय मला."

"ते ठावं हाय मला," मामा म्हणाले, आणि चेंडूची पिशवी उचलून घराकडं चालायला लागले.

मी मागून चालत होतो. पायांत गोळे आले होते आणि हसू आवरत नव्हतं. मी ज्याला खड्डे बुजवणं म्हणत होतो, त्या एका दिवसात या म्हाताऱ्यानं सगळा संघ वाचवून ठेवला होता, आणि तोही समोरच्याच्या बापाची शिकवण त्याच्याच तोंडून वदवून. पैसे घेतले असते तर ते जाळीत आणि चेंडूंत गेले असते, आणि आप्पा दुसऱ्याच महिन्यात डाव्या बॅकसाठी पुन्हा पैसे घेऊन आले असते. सावड घेतली, आणि आप्पांकडं ती फेडून घ्यायला रानच नव्हतं, म्हणजे ती कधी फिटणारच नव्हती. मामांना हे आधीपासून माहीत होतं का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, "त्याची जिमीन गेली हे समद्या जिल्ह्याला ठावं हाय. तू पेपर वाचत जा."

फॉरवर्ड शिरूरकडून खेळला आणि झकास खेळला. आमच्याविरुद्धही त्यानं गोल केला, माझ्या पायांमधून, आणि मी त्याला जी शिवी दिली तिच्यावर तो पहिल्यांदाच मोठ्यानं हसला. त्या हंगामात आमचा दुसरा कुणीही गेला नाही. आम्ही तळाच्या थोडं वरच राहिलो, पण पुऱ्या अकरा जणांनिशी.

पुढच्या वर्षी ट्रॅक्टर हलले आणि मैदानावर पुन्हा चाकोऱ्या उमटल्या. रविवारी सकाळी आम्ही फावडी घेऊन पोचलो, तर कडेला पांढरी गाडी उभी होती. बस नव्हती, खेळाडू नव्हते. आप्पा एकटेच, पायजमा वर खोचून, घरून आणलेल्या फावड्यानं पूर्वेकडचा कोपरा ओढत होते. निम्मा कोपरा झालेला होता.

मामा जवळ गेले. म्हणाले, "आवो आप्पा, आधीचीच फिटली न्हाई. किती चढवून ठिवता आमच्यावर?"

आप्पांनी कपाळाचा घाम पुसला. "चढू द्या की मामा," ते म्हणाले. "तेवढंच येता येतं."